उकिडव्याचा हिशेब

रहिमतपूर,
९ नोव्हेंबर १९७६

चि. आदगोंडा यास आशीर्वाद.

तुला हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन पोचली नसावीत असं मी धरून चाललोय. टपालखात्याला दोष दिला की कुणाचं मन दुखत नाही.

पट्टी तुटली. डॉक्टर लालासाहेबांनी सांगलीहून तुला कळवलं असेल, तरी माझ्याकडून ऐक. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी परसात शेवग्याखाली उकिडवा बसून तोंड धूत होतो. उठायला गेलो आणि मांडीत सुपारी फुटावी तसा आवाज झाला. वाटलं, पायाखाली काटकी मोडली. पाहतो तर पाय भलतीकडेच वळलेला. बनुबाई चुलीपुढून धावत आली; लग्नानंतर तिला इतकी पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "आवं, काय मोडलं?" मी म्हणालो, "आदगोंडाची पट्टी." हाड म्हणालो नाही. पडल्या पडल्यासुद्धा मला तुझंच वाईट वाटलं होतं.

आता पट्टी काढली आहे आणि मी कुबड्यांवर आहे. हाड जुळायचं तेव्हा जुळेल. दिवसभर खाटेवर पडून आष्ट्याची शाळा आठवत बसतो. ती सोडून इथं आल्याला अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षांत या दारात आलेला माझा विद्यार्थी तू एकटाच. आमच्या मराठीच्या तासाला तू शब्द विसरायचास, पण वृत्त कधी चुकायचा नाहीस. शब्द अडला की बाकावर बोटांनी ताल धरून तेवढी जागा मोकळी सोडायचास आणि पुढच्या शब्दावर बरोबर येऊन पोचायचास. मी हेडमास्तरांना म्हणालो होतो, हा पोरगा पुढं काहीतरी मोजायचं काम करणार.

आणि झालंही तसंच. गेल्या पौषात मी ओट्यावरून पडून मांडी मोडून घेतली, तेव्हा तू पुण्याच्या तुझ्या प्रयोगशाळेतून थेट सांगलीच्या इस्पितळात आलास. खाटेवर कागद पसरून माझ्या हाडाचं चित्र काढलंस आणि त्याचे लहान लहान त्रिकोण पाडलेस. म्हणालास, "गुरुजी, सबंध हाडाला एकदम विचारलं तर ते काय सांगत न्हाई. तुकड्या तुकड्याला विचारायचं." कार्डांना भोकं पाडून ती हिशेब करणाऱ्या मशीनमध्ये घालायची, आणि मशीन सांगणार कुठल्या त्रिकोणावर किती ताण येतो. तुम्ही नवा मिश्रधातू ओतला होता, शरीरात न गंजणारा. धातूसुद्धा थकतो, हे मला त्या दिवशी कळलं. एका ओझ्यानं तो मोडत नाही, तेच ओझं लाखदा उचलून मोडतो. चाळीस वर्षं कविता शिकवल्या, पण इतकं सुंदर वाक्य माझ्या कुठल्या पाठात आलं नव्हतं.

फेब्रुवारीतलं तुझं पत्रही मला पाठ आहे. "परदेशातल्या पट्ट्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसांसाठी केलेल्या असतात. आपली माणसं उकिडवी बसतात, जेवायला, शेतात तण भांगलायला, परसाकडे. ते मी हिशेबात धरलं आहे. तुम्ही खुशाल बसा." हे मी बनुबाईला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "लय शाना झाला की वो पोरगा."

तू दिलेल्या वहीत रोजची पावलं मांडत होतो. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून कविता म्हणत चालायचो. भुजंगप्रयाताची ओळ बारा अक्षरांची, म्हणजे बारा पावलं. ओट्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत एकेचाळीस ओळी. वही तुझ्याकडेच आहे. दुखण्याचं म्हणशील तर वहीत आहे तेच.

एकदा येऊन जा. पट्टीचा राग नाही.

तुझा,
नाथाजी कदम


सांगली,
४ डिसेंबर १९७६

आदगोंडा,

इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. एस. टी. ला अजून दीड तास आहे.

आज डॉक्टरांनी पाय तपासला आणि मग फाइलीतून तुमच्या प्रयोगशाळेचा छापील अहवाल काढला. इंग्रजीत आहे. मी म्हणालो, माझ्याबद्दल काय लिहिलंय तेवढं मराठीत सांगा. डॉक्टर बोट ठेवून सांगत गेले. रुग्ण क्रमांक एक. वय सदुसष्ट. रुग्णास उकिडवे बसण्यास स्पष्ट मनाई करण्यात आली होती. रुग्णाने ती पाळली नाही. एकाच वेळी अति भार आल्याने पट्टी तुटली. रचनेत दोष आढळत नाही. खाली तुझी सही.

मी म्हणालो, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग चष्मा पुसत हसून म्हणाले, "गुरुजी, जन्मभर पोरांना वळण लावलंत. स्वतःला कधी लावणार?"

शेजारी परिचारिका उभी होती, तीही हसली. मीही हसलो. तुझं फेब्रुवारीतलं पत्र सदऱ्याच्या खिशात होतं, हात तिथवर गेलाही. पण तिथून मी रुमाल काढला.

तुटलेल्या पट्टीचा अर्धा भाग तुझ्याकडे गेला आहे. दुसरा अर्धा डॉक्टरांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो. मी तो उचलला आणि तपासणीच्या टेबलावरचं भिंग मागून घेतलं. तुटलेल्या तोंडावर, वरच्या स्क्रूच्या भोकापासून निघालेल्या, एकात एक बसलेल्या रेघा दिसतात. कृष्णेचं पाणी उतरताना घाटाच्या पायऱ्यांवर मागे राहतात तशा. शेवटचा थोडासा भाग तेवढा खरबरीत. असं कशानं होतं ते तूच मला खाटेवर बसून सांगितलं होतंस. एका दणक्यात मोडलं तर सगळं तोंड खरबरीत. रेघा असतील तर भेग महिनोन् महिने रोज थोडी थोडी सरकत आलेली.

डॉक्टर म्हणाले, "त्यातलं तुमच्या धातूवाल्यांनाच ठाऊक, गुरुजी. आपण हाडं जाणतो."

तुला ठाऊक आहे. तुझ्याकडे दुसरा अर्धा आहे, त्यावरही ह्याच रेघा असणार.

हे तू का लिहिलंस, एवढंच कळव. कागद वाया घालवू नकोस, कार्डावर दोन ओळी पुरेत.

नाथाजी कदम


रहिमतपूर,
१६ जानेवारी १९७७

श्री. आदगोंडा चौगुले यांस,

संक्रांतीला आपण आमच्या घरी आलात, तिळगूळ दिलात, पाया पडलात. त्याबद्दल आभारी आहे. पाया पडताना आपण डाव्या पायाला हात लावलात, उजवा टाळलात. हेही आमच्या ध्यानात आलं.

आपण म्हणालात...

नाही, हे आप-आपण माझ्यानं चालायचं नाही. चड्डीत पाहिलेल्या पोराला किती वेळ तुम्ही म्हणू.

तू म्हणालास, "गुरुजी, माझं ते गेल्या वर्षीचं पत्र तुमच्याकडं हाय का अजून?"

"कुठलं?"

"तेच. बसण्याबद्दलचं."

"असेल. का रे?"

"ते परत देता का?"

बनुबाई चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "आधी पाय बघ की, आदगोंडा. पत्र काय पळून चाललंय?" मग तू पाय पाहिलास. कसा पाहिलास सांगू? दुकानदार परत आलेला माल बघतो तसा.

मी विचारलं, हिशेबात धरलं होतंस ना? तू मान खाली घातलीस आणि मला वाटलं, आता हा रडेल आणि सगळं संपेल. पण तू समजावून सांगायला लागलास. मशीन आठवड्याला दोनच तास मिळायचं. उभं राहणं झालं, चालणं झालं. उकिडव्याचा हिशेब मांडला तेव्हा त्रिकोण इतके वाढले की मशीनला पेलेनात.

"मग पत्रात तसं का लिहिलंस?"

"पुढच्या महिन्यात करणारच व्हतो, गुरुजी. नवं मशीन यायचं व्हतं."

"आलं?"

"न्हाई."

"आणि अहवालात लिहिलंस ते?"

"अहवाल माझ्या एकट्याचा नसतो. वर साहेब हायेत. चार पट्ट्या बसवल्या, तीन झकास चालल्यात. एकीपायी सगळं काम बंद पडंल. पाच वर्षं घातलीत मी त्यात."

"मनाई केली होती, असं त्यात आहे."

मग तू जे बोललास ते इथं पुन्हा लिहितो. आपण काय बोललो ते तुला कागदावर दिसलं पाहिजे. "तुमचं काय जातंय त्यात, गुरुजी? म्हातारा माणूस हाय, इसरला, बसला. तुमाला कोण बोलनार हाय?"

आदगोंडा, सदुसष्टाव्या वर्षी माणसाकडे फार काही उरलेलं नसतं. दात गेले, पाय गेला. सांगितलेलं ऐकणारा माणूस म्हणून गावात थोडी पत होती. तीही तू घेतलीस. घेतलीस ती घेतलीस, वर ती नव्हतीच असं मलाच समजावलंस.

मी म्हणालो, पत्र शोधून पाठवतो. तू निघालास. बनुबाई उंबऱ्यात उभी राहून तुझी पाठ बघत होती. आत आल्यावर म्हणाली, "त्याला पाय नको व्हता. कागुद पायजे व्हता."

पत्र मला शोधावं लागत नाही, उशीखालीच आहे. मी खोटं बोललो. ते पाठवणार नाही.

नाथाजी कदम


रहिमतपूर,
७ फेब्रुवारी १९७७

आदगोंडा,

तीन आठवडे तुझ्यावर रागावून झालं. आज दुसरं काहीतरी लिहायचं आहे, आणि दोनदा कागद फाडून झाला आहे.

डॉक्टरांचं कार्ड आलंय. पंधरा तारखेला पाय दाखवायला बोलावलं आहे. खाली आनंदानं लिहिलंय, त्याच दिवशी तुमच्या विद्यार्थ्याची पाचवी पट्टी बसवतोय. आटपाडीकडची बाई आहे, रंगूबाई नावाची. ऊसतोडीला आली होती, भरल्या गाडीवरून पडली, मांडीचं हाड मोडलं. पट्टी पुण्याहून निघाली आहे. अहवालात दोष नाही म्हटल्यावर पट्टी तीच असणार, भोकं त्याच जागी.

आता माझं ऐक.

वहीत मी रोज पावलं लिहायचो आणि शेजारच्या रकान्यात दुखणं. त्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत "नाही" आहे. ते खोटं आहे. चालायला लागल्यावर तिसऱ्या महिन्यात, जूनच्या सुरुवातीला, देवळाच्या वाटेवर मला पहिल्यांदा कळलं. दुखण्याआधी कानाला कळलं. भुजंगप्रयात म्हणत चाललो होतो आणि उजवं पाऊल जिथं गुरू अक्षरावर रेंगाळायला हवं तिथं लघू पडायला लागलं. आखूड, घाईघाईनं उचललेलं. वाटलं, कविताच चुकतोय. दुसरी म्हणून पाहिली. तिच्यातही तसंच. आठवड्यानं तिथंच दुखायला लागलं, वरच्या स्क्रूपाशी, सुई फिरवल्यासारखं.

घरी आलो, वही उघडली आणि "नाही" लिहिलं.

त्याच आठवड्यात तुझं कार्ड आलं होतं, की तुमच्या वहीतले आकडे साहेबांना दाखवले, सगळे खूश आहेत, पुढच्या पट्ट्यांना मंजुरी मिळेल. तुला नाराज करणारा आकडा मला लिहवेना. आठवतं, सातवीच्या तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक समोर बसले होते आणि तू तिसऱ्या कडव्यावर अडलास? मी खिडकीकडे तोंड करून पुढची ओळ पुटपुटलो. तू उचललीस. परीक्षक म्हणाले, वा. मला आयुष्यात इतका आनंद फार थोड्या वेळा झाला. वहीतही मी तेच केलं. तू अडशील असं दिसलं आणि मी उत्तर पुरवलं.

डॉक्टर सांगतात, हाड जुळलंच नव्हतं, म्हणून चालताना सगळा भार पट्टीवर पडत होता. जूनमध्ये मी तोंड उघडलं असतं तर एक्स-रेत ते दिसलं असतं. भेग तेव्हा केसाएवढीही नसेल. माझ्या "नाही"वर पुढच्या तीन पट्ट्या बसल्या. ती तीन माणसं झकास चालतात असं तू म्हणतोस. त्यांच्या वह्या कोण लिहितं, रे? त्यांचेही कुणी आदगोंडा असतील.

तेव्हा तू बसण्याचा हिशेब केला नाहीस आणि मी दुखण्याचा दिला नाही. पण मी खोटं लिहिलं ते तुझं नाव राहावं म्हणून. तू लिहिलंस ते माझ्या नावावर. हा फरक मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

आजपासून पंधरा तारखेपर्यंत आठ दिवस आहेत. डॉक्टरांना तू स्वतः लिही, की ही पट्टी उकिडवं बसणाऱ्या माणसासाठी मोजलेली नाही. एवढं एकच वाक्य. या वेळी मी पुटपुटणार नाही. तू लिहिलंस तर तुझं पत्र मी तुझ्या हातात देईन.

नाथाजी कदम


सांगली,
१५ फेब्रुवारी १९७७

आदगोंडा,

चौदा तारखेच्या संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पोस्टमन ज्योतिबा दारावरून जाताना मलाच म्हणाला, "गुरुजी, आज बी काय न्हाई. उगं उंबऱ्यात बसू नगा, गार लागतंय."

आज सकाळच्या पहिल्या गाडीनं आलो. बनुबाई बरोबर होती. डॉक्टर आत हात धूत होते. मी तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ओल्या हातांनी वाचलं, मग हात पुसून पुन्हा वाचलं. मी जूनपासूनच्या दुखण्याचं सांगितलं. देवळाच्या वाटेचं, वहीतल्या "नाही"चं, आणि तू संक्रांतीला मशीनबद्दल बोललास तेही. टेबलावरचा पट्टीचा तुकडा उचलून त्यांना रेघा दाखवल्या.

बराच वेळ ते भिंगातून पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, डिसेंबरात तुम्ही इथंच बसला होता. मी तुम्हाला हसलो. तेव्हा का नाही बोललात?"

मी म्हणालो, "तेव्हा मला तो पोरगा माझा वाटत होता."

त्यांनी आत जाऊन आजचं ऑपरेशन थांबवायला सांगितलं. तुमची पाचवी पट्टी टेबलावरच्या पेटीत तशीच आहे, कापडात गुंडाळलेली. दुसरी, जुन्या पद्धतीची, इथं त्या मापाची नाही. आता त्या बाईला पायाला वजन टांगून तीन महिने पडून राहायचं आहे. डॉक्टर म्हणाले, तिला तुम्हीच सांगा, माझ्यानं व्हायचं नाही, मी तिला चार आठवड्यांत चालवतो म्हणालो होतो.

म्हणून गेलो. चाळिशीची आहे रंगूबाई. हात उसाच्या पातीनं कापलेले. सकाळपासून उपाशी ठेवलेली होती, ऑपरेशनसाठी. बनुबाई तिच्या उशाशी बसली, मी कुबड्यांवर उभा. मी सांगायला लागलो. ती मधेच म्हणाली, "म्हंजी आता पट्टी न्हाई व्हय?"

"नाही, बाई."

"तीन म्हैनं मी हितंच?"

"हो."

"टोळी गावाला जाईल की तवर. घरची ज्वारी काढायची हाय. धाकटी सासूच्या जिवावर सोडून आलीया मी." तिनं छताकडे पाहिलं. "त्या पट्टीला झालंय काय पन?"

"बसल्यावर मोडते. खाली बसून भांगलायला लागलीस की मोडेल."

"कुनाची मोडली?"

"माझी."

मग तिनं माझ्या पायाकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. तू त्या दिवशी पाहिलास तसं नाही.

"तुमाला दुखाय लागलं कवा?"

"जूनमध्ये. मृगाच्या तोंडाला."

"आनि दाक्तरला सांगितलं कवा?"

"आज सकाळी."

ती बोटांवर महिने मोजत होती. मृगापासून. सगळी बोटं संपेपर्यंत तिनं मोजले नाहीत, मधेच थांबली.

"का वो?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, आदगोंडा. तो असता तर बरं झालं असतं. मी तिला खरं तेच सांगितलं. पट्टी करणारा माझा विद्यार्थी आहे. हुशार आहे. त्याचं काम बंद पडू नये म्हणून मी गप्प राहिलो.

"त्यो तुमचा हाय," ती म्हणाली. "म्हनून तुमी गप. आनि मी?"

बनुबाईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती तिचं पांघरूण सारखं करत होती. चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो, आणि एका अडाणी बाईच्या तीन अक्षरी प्रश्नापुढे उभं राहता येईना. कुबड्या काखेत असून बसावं लागलं. शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसलो, पाय लांब करून.

तिनं विचारलं, "नाव काय त्याचं?"

"आदगोंडा चौगुले. आष्ट्याचा."

"आदगोंडा चौगुले," तिनं म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "चांगल्या घरचा असनार."

तुझ्या पत्राच्या बाबतीत आता काही करता येणार नाही. ते फाइलीत लावलं गेलंय, माझ्या लेखी जबाबाच्या वर. डॉक्टर तुमच्या साहेबांना इंग्रजीत लिहिणार आहेत, बाकीच्या तिघांना बोलावून एक्स-रे काढणार आहेत. त्यात माझं काय होईल, तुझं काय होईल, हे मी विचारलं नाही.

रंगूबाईला मी माझ्या वाट्याचं सांगितलं. तुझ्या वाट्याचं अजून सांगायचं राहिलं आहे. मी ते सांगणार नाही, डॉक्टरही सांगणार नाहीत. ती बायकांच्या वॉर्डात आहे, खिडकीजवळची अकरा नंबरची खाट. मेच्या मध्यापर्यंत ती तिथून हलणार नाही. भेटायची वेळ चार ते सहा.

नाथाजी कदम